ताज्या रंगाचा ब्लॉक

शेजारी गेटला ऑइल पेंट देताहेत. त्या वासानं मी थेट दिंद्रुडच्या एका भंगारवाल्याच्या पत्र्याखाली जाऊन पोचलो.

दुष्काळाचं वर्ष होतं. मला आणि माझ्या दोस्ताला, सलीमला, आमच्या जुन्या जीपला दणकट इंजिन बसवून ती वाऱ्यासारखी पळवायची होती. त्यासाठी इंजिनाचा जुना ब्लॉक शोधत आम्ही तिथं गेलो होतो. भंगारवाल्यानं पोत्याखालून एक काढला.

"साखर कारखान्याच्या चेअरमनसायबाच्या गाडीचा हाय. दोन साल ऊसच न्हाई, गाडी हललीच न्हाई बघा."

ब्लॉकवर हिरवा रंग होता, बोटाला चिकटेल इतका ताजा. सलीम माझ्या कानाशी लागला, "रंगाखाली तडा असंल बे." तडा ओळखायचा तर ब्लॉकमध्ये पाणी भरायचं आणि कुठं पाझरतं ते बघायचं. आम्ही पाणी मागितलं.

"पाणी?" त्यानं हात जोडले. "टँकर आलाच न्हाई. घरात थेंब न्हाई."

तेवढ्यात आतून दोन कप चहा आला. काळा, पातळ, बिनदुधाचा. सलीमनं आधी कपात बघितलं, मग त्याच्याकडं.

"थेंब न्हाई, मग ह्यो कशाचा केला?"

त्यानं हसून कप पुढं सरकवले. आम्ही चहाला तोंडही न लावता उठलो.

आता वाटतं, घरातलं उरलंसुरलं पाणी त्यानं पाहुण्यांच्या चहात घातलं असेल. माणूस खराच असेल. एवढं मनाशी कबूल करतो, तोच शेजारून पुन्हा तो वास येतो.

पण मग ब्लॉकला रंग कशाला दिलता?