पाव्हणं, पाय!

माझ्या थोरल्या साडूंइतका अंड्यावर विश्वास असलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. "अंडं आलं म्हंजी घर चालू हाय," असं ते म्हणायचे. तळेगाव ढमढेऱ्याला त्यांची पोल्ट्री. शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचा ट्रे, त्यात पाय बुडवल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही. बूट वाचवायला मी ट्रे ओलांडायला गेलो की आतून आरोळी, "पाव्हणं, पाय!" माझे तीन जोड त्या पाण्यात गेले.

मग बर्ड फ्लू आला. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी एका दिवसात सगळ्या कोंबड्या मारून शेडमागच्या खड्ड्यात पुरल्या. त्यानंतर साडूंना काही कामच उरलं नाही. रिकाम्या शेडमध्ये बसून राहायचे. ट्रेतलं पाणी मात्र रोज बदलायचे.

बापाला काही नाद लागावा म्हणून लेकीनं पुण्याहून अ‍ॅक्सोलॉटलची जोडी आणली, काचेच्या टाकीसकट. मूळचा मेक्सिकोचा, बेडकाच्या गोतातला, पण जन्मभर पाण्यातच राहणारा जीव. मानेला झालर, तोंडावर कायमचं हसू. साडू म्हणाले, "अंडी देत्यात का?"

"देतील की. पाणी गार पाहिजे. दिवस आधी लहान, मग हळूहळू मोठा व्हायला पाहिजे."

"मला शिकवती व्हय? अंड्याला उजेड लागतो!" असं म्हणून त्यांनी टाकी शेडमध्ये ठेवली आणि कोंबड्यांचा बल्ब तिच्यावर टांगला, पहाटेपासून चालू. गांडुळं घातली, खडबडीत दगड, हिरव्या वेली मांडल्या. मीही शिरूरहून दर रविवारी फोन करायचो, "काही विशेष?" नव्या सुनेबद्दल विचारतात तसा.

दिवाळी गेली तरी काही नाही. "ह्या शेडात आता काय व्हायचं न्हाई," म्हणून त्यांनी बल्ब काढला आणि अंथरूण धरलं. आम्ही भेटायला गेलो तर ट्रे कोरडा. मी बुटांसकट आत शिरलो, कुणी ओरडलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मेहुणी तेवढी गांडुळं टाकत राहिली. शेडमध्ये थंडी, अंधार. संक्रांत सरली, दिवस मोठा होऊ लागला, आणि एका सकाळी तिनं साडूंना हाताला धरून टाकीपाशी नेलं. वेलींवर साबुदाण्यासारखी अंडी! लेकीनं सांगितलं तसंच सगळं झालं होतं. साडूंनी हाय खाऊन बल्ब काढला म्हणून.

आईबाप अंडी खातात म्हणून त्यांनी जोडी वेगळी काढली. तरीही बरीच पिल्लं गेली. होळीनंतर मी गेलो, तेव्हा ते उरलेल्यांच्या पाण्यात बर्फाची बाटली सोडत होते.

"दादा, उन्हाळ्यात कसं करणार?" मी दारातून विचारलं.

"जगतील तेवढी जगतील," ते मान न उचलता म्हणाले. मी बोलता बोलता आत पाऊल टाकलं.

"पाव्हणं, पाय."

आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, जेमतेम दारापर्यंत पोचला. मी मागे फिरलो आणि दोन्ही पाय बुडवले.