सातव्या विहिरीवरची मनकर्णाबाई

पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्यापासून थोडं आत, जखमी आणि बेवारस जनावरांचा एक निवारा आहे. कुणीतरी शेताचा तुकडा दिला, त्यावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. पगारी माणसं दोन-तीनच, बाकी आम्ही वेळ मिळेल तसे जाणारे. मनकर्णाबाई मात्र रोज येतात. भावसिंगपुऱ्याहून रिक्षाने येतात, पदर खोचतात, भांडी घासतात, भाकऱ्या कुस्करून ठेवतात आणि मग सगळ्यात कडेच्या पिंजऱ्यासमोर फतकल मारून बसतात.

त्या पिंजऱ्यात कुणाला तरी चावलेलं कुत्रं असतं. असं कुत्रं मारायचं नाही, दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, असा नियम आहे. पिसाळलेलं असेल तर तेवढ्या दिवसांत ते मरतं. जगलं तर ज्याला चावलं त्याला धोका नाही. ही राखण करायला कुणी तयार नसतं. मनकर्णाबाई ती मागून घेतात.

त्या इथे आल्या त्याच अशा राखणीपायी. शेजारच्या पोराला कुत्रं चावलं म्हणून गल्लीतली माणसं दगड घेऊन धावली, तेव्हा या सत्तरीला टेकलेल्या बाई कुत्र्यावर गोणपाट टाकून त्यावर वाकून उभ्या राहिल्या. निवाऱ्याची गाडी आली, तर गाडीतही चढल्या. गाडी चालवणारे वहाबभाई ती गोष्ट अजून सांगतात. "मैं बोला, मौसी, कुत्ते को लेने आया हूँ, तुमको नहीं. तर म्हणतात कशा, मला बी न्या, मला बी घरात कुनी इचारत नाय!"

माझी मुलगी ऋजुता दर रविवारी तिथे जाते, म्हणून मी जाते. ती गेली की माझं घरात लक्ष लागत नाही. पहिल्यांदा गेले ती तिच्यावर लक्ष ठेवायला. तासाभरात माझ्या हातात खराटा होता. मनकर्णाबाई हसून म्हणाल्या, "राखणीला आलात व्हय? मग बसा माझ्या शेजारी. दोघींचा धंदा एकच."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. शेडच्या मागे शेताची जुनी विहीर आहे, कठड्याची. मनकर्णाबाई त्या बाजूला फिरकत नाहीत. मोटार चालू करायची असली तरी दुसऱ्या कुणाला हाक मारतात. वहाबभाई चिडवायचे, "काय मौसी, पानी में कौन बैठा है?" त्या भाकऱ्या कुस्करत राहायच्या.

मला त्यांनी सांगितलं ते एका दुपारी, पिंजऱ्यासमोर बसूनच.

"सांडू माझा एकला पोरगा. कन्नडकडं, घाटाच्या अंगाला आमचं गाव. उसाच्या फडात कुत्र्यानं पोटरी धरली. गड्यांनी कुत्रं तिथंच ठेचलं अन् वढ्यात टाकलं. आता ते येडं व्हतं का शानं, कसं कळावं? बांधून ठिवलं असतं तर कळलं असतं. कन्नडला सुया मिळायच्या, पन बेंबीभवती, चौदा. पोरगं ऐकूनच रडाया लागलं. सासू म्हनली, सात हिरी दाखव, इख उतरून जातं."

कुत्रा चावलेल्याला सात विहिरींत डोकवायला लावायचं, असा त्यांच्याकडचा रिवाज. ज्याच्या अंगात विष नाही त्याला पाण्यात स्वतःचं तोंड दिसतं. ज्याच्या अंगात ते भिनलंय, त्याला कुत्रं दिसतं.

"मीच नेलं. पाठीवर हात ठिवून एकेक हीर दाखवली. सहा हिरींत पोरगं खेळल्यावानी बघत व्हतं. सातवी लई खोल. तिथं वाकलं अन् त्याची पाठ थरथरली, ताई. माझ्या ह्या हाताखाली. म्या इचारलं, काय दिसलं रं? म्हनला, माझंच तोंड दिसलं. म्या म्हनलं, बरं झालं. अन् घरी आनलं."

 पुढचं सांगायची गरज नव्हती. मी प्राणिशास्त्रात बी. एस्सी. केलंय, हे विष भिनलेल्या माणसाजवळ पाण्याचा पेला नेला की त्याचा गळा कसा आवळतो, ते मी पुस्तकात वाचलेलं आहे. त्यांनी ते पाहिलेलं होतं.

"चाळीस वर्सं व्हत आली," उठताना त्या म्हणाल्या. "त्याला काय दिसलं व्हतं, तेवढंच कळलं पायजे व्हतं."

त्यानंतर काही महिन्यांनी मिटमिट्याहून एक तांबडी कुत्री आली. गालफडात जखम, जखमेत अळ्या. ऋजुता औषध घालत होती आणि कुत्रीने तिचं मनगट धरलं. आधीच घेऊन ठेवायची लस तिने घेतली नव्हती. परीक्षा झाली की घेते, म्हणाली होती. वाहत्या नळाखाली साबणाने हात धुतला, वहाबभाईंनी गाडी घाटी दवाखान्यात नेली, लस दिली, जखमेत सीरम भरलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, काळजी करू नका. मी मान हलवली. काळजी करू नका असं म्हणून कुणाची काळजी गेली आहे?

तांबडी कडेच्या पिंजऱ्यात गेली. आता तिच्यासमोर आम्ही दोघी बसू लागलो. मी सुट्टी टाकली. ऋजुताही यायची, डाव्या हाताने झाडलोट करायची आणि आमच्यावर वैतागायची. "आई, ती कुत्री तुम्हा दोघींना कंटाळून चावेल हां पुन्हा."

सहा-सात दिवस तांबडी नीट होती. मग एका सकाळी तिने खाणं सोडलं. पाण्याचं भांडं पुढे सरकवलं, तर वास घेऊन तोंड फिरवलं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. निवाऱ्याचे डॉक्टर गंगापूरला गेले होते, दुपारी येणार होते. मनकर्णाबाई भांड्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. मी फोन करायला फाटकापाशी गेले. परत आले तर पिंजऱ्यासमोर कुणी नव्हतं.

मी शेडच्या मागे धावले. विहिरीच्या कठड्यावरून ऋजुता आत वाकली होती आणि मनकर्णाबाईंचा तळहात तिच्या पाठीवर होता. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्या पाण्याकडे बघतच नव्हत्या.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. ऋजुता दचकून मागे सरली. मनकर्णाबाईंनी डोळे उघडले, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मला बघवेना.

"नाय थरथरली, ताई! हाताखाली पाठ दगडावानी व्हती. पोरीला काय बी नाय."

"तुम्हाला अक्कल आहे का?" मी म्हणाले. वयाने आईएवढ्या बाईला मी हे म्हणाले. आणि ऋजुताला ओढून जवळ घेतलं. माझा हात तिच्या पाठीवर, नेमका तिथेच पडला.

ती थरथरत होती.

"तुझ्या ओरडण्याने गं," ऋजुता म्हणाली. "केवढ्याने ओरडलीस! आजींना बरं वाटावं म्हणून बघत होते मी, बस." तिचं म्हणणं बरोबर होतं. मला ते पटलंही. तरी तो हात मी कितीतरी वेळ काढला नाही.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी तांबडीला भूल देऊन जबडा उघडला. जखम आतून पिकली होती, गिळताना दुखत होतं. पू काढला, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी ती लपलप पाणी प्यायली. मुदत संपली तरी तांबडी शेपूट हलवत उभी होती. वहाबभाईंनी पेढे आणले.

मनकर्णाबाईंनी पेढा हातातच धरून ठेवला.

"म्हंजे हीर खरं बोलती," त्या हळू आवाजात मला म्हणाल्या. "हिची पाठ थरथरली नाय, ही चांगली. त्याची थरथरली. म्हंजे त्याला दिसलं व्हतं, ताई. कुत्रं दिसलं व्हतं. सुयांच्या भ्यावानं लपवलं माझ्यापासून. महिनाभर पोरगं एकटंच ते घेऊन फिरलं माझ्या घरात. जेवलं, खेळलं, माझ्याच कुशीत झोपलं."

माझी मुलगी सुटली होती, आणि त्या सुटण्यानेच यांचा पोरगा पुन्हा त्या विहिरीवर नेऊन उभा केला होता. मी म्हणाले, मावशी, विहिरीत काही नसतं. त्या "व्हय" म्हणाल्या. मुलं खोल पाण्याला घाबरतात, मी म्हणाले. त्या पुन्हा "व्हय" म्हणाल्या.

एकच गोष्ट होती जिने त्यांचं समाधान झालं नसतं, पण निदान ती खात्री मोडली असती. आणि ती माझ्या तोंडातून निघत नव्हती. बोललं तर खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं. हे मी, पुस्तकं वाचलेली बाई, सांगते आहे.

शेवटी बोलले. "मावशी, ऋजुताही थरथरत होती. मी हात ठेवला तेव्हा. आणि ती धडधाकट आहे. पाठीवरून काही कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझं मन राखाया बोलताय."

"नाही हो."

"पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा."

ऋजुता समोरच पिल्लाला बाटलीने दूध पाजत बसली होती. शब्द खरे होते, शपथ खोटी नव्हती. तरी ती चार पावलं मी रेंगाळत गेले. मी तिच्या केसांवर हात ठेवला आणि सांगितलं. "आता हे काय नवीन?" ती म्हणाली.

मनकर्णाबाई पाठमोऱ्या होऊन पेढ्याचा कण कण करून तांबडीला भरवू लागल्या. भरवता भरवता म्हणाल्या, "मग भ्यालं असंल नुसतं. हीर खोल व्हती." आणि पुढचा कण भरवत, "नुसतंच भ्यालं असंल."

मला वाटलं, सुटल्या.

पण आता मला दिसतं ते वेगळंच. रविवारी आम्ही गेलो की त्या आधी ऋजुताला गाठतात. तांब्याभर पाणी पुढे करतात. तिने लसीचे सगळे डोस घेतलेत, तांबडी अजून फाटकाशी शेपूट हलवते आहे, भिण्याजोगं काही उरलेलं नाही. हे मी त्यांना समजावून सांगायला हवं. घरी सगळे झोपल्यावर लिहायला बसले की मी ते दर वेळी ठरवते. आणि रविवारी त्यांनी तांब्या पुढे केला की मीही हातातलं काम थांबवते. ऋजुता पाणी पिते. तिच्या गळ्याखालून एकेक घोट उतरताना दिसतो, शेवटचा उतरेपर्यंत.

"काय गं बघताय दोघी?" तोंड पुसत ती म्हणते.

आम्ही दोघीही म्हणतो, काही नाही.