केळीची पानं आणि आठ जीबी

खुन्नस वयाबरोबर जाते म्हणणाऱ्यांनी एकदा मला भेटावं.

आमचं घर धुळ्यात, मोठ्या काकांचं जळगावात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जळगावला गोळा व्हायचो. आखाजी म्हणजे आमच्याकडे पोरीबाळी झोक्यावर आणि पुरुषमंडळी पत्त्यांवर. त्या दिवशी जुगाराला कोणी नावं ठेवत नाही. मला झोक्यावर गरगरायचं, आणि जीव अडकलेला असायचा आतल्या खोलीत. तिथे चुलतभावाचा कॉम्प्युटर होता. भाऊ गाड्यांचा गेम खेळायचा, मी त्याच्या खुर्चीमागे उभी.

"भाऊ, एकदा दे ना."

"तू बघ फक्त. पोरींचा हात लागला की हँग होतो."

दर आखाजीला हेच. मेल्यानं एकदाही माउस हातात दिला नाही.

आता मी गेम बनवते. धुळ्याची एक मैत्रीण आणि मी, दोघीच. आमचा पहिला गेम केळीच्या ट्रकचा: रावेरला माल भरायचा आणि केळी पिकायच्या आत बाजार गाठायचा. विकायला काढण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, गेम चालायला कमीत कमी कसला कॉम्प्युटर लागेल. मैत्रीण म्हणाली, "चार जीबी मेमरी लिही. आपल्याकडे दुकानांत, घरांत तेवढीच असते."

"मग पानांचं काय?"

गेममधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि वाऱ्यावर पान न् पान हलत होतं. सगळी मेमरी ती पानंच खात होती.

"पानं हलली काय न् नाही हलली काय, ट्रक तर पुढे जातोच ना?"

"अगं, न हलणारी केळ प्लॅस्टिकची दिसते. आठ जीबी. त्याखाली गेम उघडणारच नाही."

पानांचं मी बोलले ते खोटं नव्हतं. पण खरं कारण भाऊ. त्याचं आता ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, आणि दिवाळीत त्यानं दुकानातला कॉम्प्युटर माझ्याकडून फुकटात साफ करून घेतला होता. त्यात किती मेमरी आहे हे मला पाठ होतं. चार. मी आठ लिहिलं तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं.

गेम आखाजीच्या दिवशीच आला. तोही मुहूर्त मीच धरला होता. भाऊनं हौसेनं दुकानातला कॉम्प्युटर घरी आणला, पत्ते खाली ठेवायला लावले, काकूला मांडे सोडून बाहेर बोलावलं. "या, या! आपल्या बाईनं गेम केलाय!" सगळं गणगोत त्याच्या खुर्चीमागे उभं राहिलं. मी कूलरपाशी, हाताची घडी घालून.

पडद्यावर आलं: या कॉम्प्युटरवर हा गेम चालणार नाही.

काय सांगू, देवाशपथ, पुरणाचा मांडा त्यापुढे फिका! मी भाऊच्या तोंडाकडे बघत होते. आता पडेल, आता पडेल. आणि तो म्हणाला, "लाइटचा काहीतरी लोचा आहे." डब्यावर दोन थापा मारल्या, पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. मग हसला, "जाऊ द्या, चला, डाव मांडा," आणि मंडळी पत्त्यांकडे गेली. त्याचा चेहरा तसूभरही उतरला नाही. माझा मात्र जळून कोळसा झाला.

त्यात आठवडाभर तक्रारी येत राहिल्या. चाळीसगावहून, सोनगीरहून, खुद्द धुळ्यातून: गेम उघडत नाही, पैसे परत करा. मैत्रीण कडाडली, "ज्यांच्या रस्त्यांचा गेम, त्यांनाच तू बाहेर ठेवलंस. कुणावर राग काढतेयस ते काढ, पण माझ्या कामावर नको." मला न विचारता तिनं पानं थांबवायची सोय केली आणि आठाचे चार केले. मी भांडले. ती ऐकायला तयार नव्हती, आणि बरोबरच होती.

दुसऱ्या दिवशी भाऊचा फोन. मागे दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका. आनंद झाला की भाऊ थेट अहिराणीत शिरतो. "चालना वं, चालना तुना गेम! बठ्ठा देखी राह्यनात!"

गेम चालला होता, आणि अख्खं दुकान तो बघत होतं.

मग तो तिकडे वळून कुणाला तरी सांगू लागला. मला ऐकू येतंय याचं त्याला भान नव्हतं, किंवा असेलही. "बहीण आहे माझी. माझ्या कॉम्प्युटरवर चालेना म्हणून तिनं खास बदलून दिला. हे सगळं ती शिकली कुठे, माहितीये? आमच्या घरी. माझ्या मागे उभी राहून."

मी फोन कानाला तसाच धरून बसले. खास बदलून दिला ते सोडा, पण मागे उभी राहून शिकले हे खोटं असतं, तर तिथल्या तिथे झापलं असतं त्याला.