दोन कप्प्यांतला एकच तक्ता

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की हडपसरचं आमचं वर्कशॉप आठवतं. भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या आमच्या यंत्रासाठी मी घासाघीस करून आणलेल्या स्वस्त चिपच्या मेमरीत दोन कप्पे होते. एकातल्या प्रोग्रॅमला दुसऱ्यातलं दिसत नसे. म्हणून आमच्या प्रोग्रॅमरने तापमानाचा तक्ता दोन्हींत ठेवला होता. एकदा गिऱ्हाइकासमोर यंत्राने एकाच भट्टीची दोन तापमानं दाखवली आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, “अहो, साधा तक्ता सांभाळता येत नाही?” “कालपर्यंत येत होता, साहेब,” एवढंच म्हणून ते जेवणाचा डबा उचलून कायमचे निघून गेले. आदल्या दिवशी एकाच कप्प्यातला आकडा घाईत मीच बदलला होता, हे मला संध्याकाळी उमगलं. त्यांनी तोंडावर तसं का सुनावलं नाही, हा राग मी वर्षानुवर्षं धरून बसलो. कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो, तो थेट त्यांच्या तेराव्याला.