बूट छातीशी धरून

धोंडिबा तात्या गेल्याचं मला इंदापूरच्या एसटी स्टँडवर कळलं. तसाच गावी, लोणी भापकरला, मातीला गेलो. माझे हे चुलते हृदयविकारानं गेले. किरणोत्सर्गानं गेले असं मी कारखान्याविरुद्धच्या पत्रकात छापलं नाही. खोटं छापून कुणाचं भलं होत नाही. खरं आहे तेवढंच पुरेसं वाईट आहे.

लोणी देवकरला ते कामाला होते त्या कारखान्यात भंगार वितळवून सळ्या करतात. भंगारात कधी किरणोत्सर्गी तुकडा येतो, त्याचा कण अंगाला चिकटून घरी जाऊ शकतो. म्हणून बाहेर पडताना दाराच्या चौकटीसारख्या एका यंत्रातून जायचं. कण असला तर घंटा वाजते. त्या चौकटीची देखभाल तात्यांकडं. रोज सकाळी धूळ पुसायची, मग किंचित किरणोत्सर्गी असलेली चाचणीची चकती घोट्याशी, कमरेशी, खांद्याशी धरून आरपार जायचं. प्रत्येक वेळी घंटा वाजलीच पाहिजे.

एका उन्हाळ्यात घोट्याशी वाजेना. खालचा भाग निकामी झाला होता. साहेब म्हणाले, "कमरेला वाजतीय ना? मग झालं." तात्यांनी ऐकलं नाही. हातातलं छोटं यंत्र घेऊन ते एकेकाच्या पायाशी वाकू लागले, तर पोरं मागं उडी मारायची. "तात्या, तुमी आमच्या पाया पडायचं व्हय? पाप लागंल की." आणि संकोचानं ट्रकच्या फाटकातनं सटकायची! शेवटी तात्यांनी फर्मावलं, बूट काढा, छातीशी धरा, मग चौकटीतनं जा; तळव्याला चिकटलेलं वर वाजंल.

"नरसिंहपूरच्या देवळात काढता न्हवं? हितं बी काढा."

"देवळात छातीशी धरत न्हाय, तात्या."

"म्हणून तर चोरीला जात्यात."

साहेबांना ही बिनखर्चाची दुरुस्ती फार आवडली. खालचा भाग मागवायचं नावच निघेना. मी भडकलो. "तात्या, तुमच्या युक्तीनंच त्यांचं फावतंय. बूट काढणं बंद करा, मग बघा भाग येतो का न्हाय."

तात्यांनी चहा बशीत ओतला. "आन् त्यो येईस्तवर? ह्या गड्यांच्या घरी रांगती पोरं हायत."

"मग सोडा ती नोकरी."

"सोडतो की. माझ्या जागी येणारा चकती कमरेलाच धरंल."

 मी घरी जाऊन ते पत्रक लिहिलं.

ते छापून आलं तोवर तात्यांचं तेरावंही झालं होतं. गेल्या आठवड्यात पाळी सुटताना गठ्ठा घेऊन गेलो. तात्यांच्या जागी आलेला माणूस कुणाला काही न सांगता बाजूला बिडी ओढत उभा होता. तरी आतला एकेक माणूस वाकला, बूट काढले, छातीशी धरले आणि अनवाणी बाहेर आला. पहिल्यानं विचारलं, "काय वाटताय?"

"तात्यांच्या चौकटीबद्दल हाय."

"मग बुटातच टाका. हात मोकळा न्हाय."

पत्रकावर मी ठळक अक्षरांत छापलंय, चौकट दुरुस्त होईपर्यंत कुणीही बूट काढू नये. मागणी रास्त आहे. साहेब दुसऱ्या कशाला भीक घालत नाहीत. तो बूट पुढं करून थांबला होता, मागं रांग थांबली होती...

मी पत्रक टाकलं नाही. खालचा भाग अजून आलेला नाही.