कोठडीचं उघडं दार

रविवारी दुपारी शेजारचे देशमुखकाका केतकीच्या घरी आले. तिने बनवलेल्या व्हिडिओ गेममध्ये कैद्याचा छळ दाखवलाय, अशी तक्रार त्यांनी पोलिसांत केली होती. ती टिकली तर गेम बाजारात येणार नव्हता.

“आधी खेळून तर बघा, काका,” म्हणत केतकीने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

सुरुवातीला सत्काराला हपापलेला मंत्री हारांखाली दिसेनासा झाला. काका खो खो हसले. “अगदी आमचा नगरसेवक!”

मग कोठडी आली. खुर्चीला बांधलेला कैदी, आणि पडद्यावर सूचना: बटण दाबा. काकांनी दाबलं. कैदी किंचाळला. त्यांनी पुन्हा दाबलं.

“अगं, हा बोलत कसा नाही?”

“त्याला काही माहीतच नाही. मागे दार उघडं आहे, काका. बटण न दाबता तुम्हाला निघून जाता येतं.”

“मग आधी नाही का सांगायचंस!”

व्यंगचित्रासारख्या त्या मंत्र्याला आपण लांबून हसतो. कोठडीत बटणावर बोट आपलं असतं. म्हणून हे दाखवू नये, की म्हणूनच दाखवावं? दोन्ही बाजू पटतात आणि दोन्ही पुरत नाहीत.

काकांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. चहा घेतला नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत तक्रार मागे घेतलेली नव्हती.