बसमधल्या मावशींची साक्ष

सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की रेवदंड्याचा तो रस्ता आठवतो. साप चावलेल्या आईला मागच्या सीटवर झोपवून मी अलिबागला निघालो होतो, तेव्हा थांबलेली शाळेची बस ओलांडली म्हणून दंड लागला. त्याविरुद्ध मी कोर्टात गेलो. पंख्याखालीही घाम फुटत होता. न्यायाधीशांनी विचारलं, "मुलं उतरत असताना गाडी पुढे काढलीत?" इतक्यात दाराशी बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशी दिसल्या. साक्ष द्यायची नाही असं शाळेने बजावल्यामुळे त्या येतील ही आशा मी सोडली होती. "साहेब, गाडीत बाई निपचित पडलेली. पोरांना मीच आत धरलं व्हतं, जा म्हणून हातही मीच केला." दंड रद्द झाला. मावशींचं काम मात्र त्याच आठवड्यात गेलं. आई आज ठणठणीत आहे. मावशींच्या नजरेला नजर देणं मला अजून जमत नाही.